दोन महिन्यांचं कुलूप

पहिल्या प्लेस्टेशनचे गेम सीडीवर यायचे. सीडीची नक्कल काढणं तोवर सोपं झालं होतं, तरी घरी काढलेली प्रत त्या यंत्रात चालत नसे. कारण सोनीची खूण डेटामध्ये नव्हतीच. तबकडीच्या आतल्या कडेला, जिथून वाचन सुरू होतं तिथे, खुणांची वाटच किंचित नागमोडी पाडलेली असे. त्या वळणांत प्रदेशाची चार अक्षरं दडलेली: अमेरिकेसाठी ‘एससीईए’, युरोपसाठी ‘एससीईई’. कोऱ्या सीडीवरची वाट मात्र कारखान्यातच आखलेली असते. घरचा सीडी रायटर त्या वाटेवर डेटा लिहितो. वाट वळवणं त्याच्या हातात नसतं.

यावर तोड निघाली मॉडचिपची. यंत्रात जोडलेली ही चिप ती चार अक्षरं परस्पर पुरवायची, मग सीडी कुठलीही असो. गेम बनवणाऱ्यांनी चिप हुडकणारी तपासणी गेममध्येच घातली, तर असं संरक्षण फोडणारी क्रॅकर मंडळी ती तपासणीच काढून टाकू लागली. ‘स्पायरो’ या गेमचा दुसरा भाग जेमतेम आठवड्याभरात असा फुटला.

तो बनवणाऱ्या इन्सोम्नियाक गेम्सने २००० साली तिसऱ्या भागात वेगळा डाव टाकला. कोडमधल्या आकड्यांची बेरीज करायची आणि ती ठरलेल्या उत्तराशी ताडून पाहायची. कोडमध्ये फेरफार झाला की बेरीज जुळत नाही. अशा बेरजा जागोजागी पेरल्या, त्याही एकमेकींवर पहारा ठेवणाऱ्या. खरी मेख पुढेच आहे. फेरफार सापडला तरी गेम लगेच बंद पडत नसे, कारण मग क्रॅकरला तपासणीची नेमकी जागा कळली असती. झोई नावाची परी येऊन ही प्रत बेकायदा असू शकते असं बजावायची. पुढे जमवलेली रत्नं आणि अंडी गायब व्हायची, भाषा मध्येच बदलायची आणि शेवटच्या लढाईत सगळी प्रगती पुसून खेळाडू पुन्हा आरंभाला. (ड्रॅगनची अंडी चोरीला जाणं हेच या गेमचं कथानक, त्यामुळे शिक्षा मोठी खट्याळ.) क्रॅक जमलाय की नाही, हे पाहायला क्रॅकरला अख्खा गेम खेळावा लागे.

हाही फुटलाच, पण दोन महिन्यांहून अधिक काळ टिकला. गेमच्या विक्रीचा मोठा वाटा याच काळात पदरात पडतो. म्हणून मी याला अपयश म्हणणार नाही.

२०१४ पासून पीसीवरच्या गेममध्ये दिसणारं ‘डेनुव्हो’ हे नक्कलविरोधी संरक्षणही अशीच मुदत विकत घेतं. मे २०१६ मध्ये आलेल्या ‘डूम’ या गेममधून ते त्याच डिसेंबरात काढून टाकण्यात आलं.