काशाची वाटी आणि तेलाचा हात

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि तळपायांवर विशेष भर आहे. घरोघरचा पादाभ्यंग त्याच वळणाचा. तळव्याला साजूक तूप लावून काशाच्या वाटीचं गोल बूड टाचेपासून बोटांपर्यंत फिरवायचं. थोड्या वेळात तूप काळं पडतं. ‘उष्णता निघाली,’ असं म्हणतात; खरं तर काशातल्या तांब्याचा तो रंग. पण डोळे जड होतात, झोप लागते, हे सुख अगदी खरं.

थाई मसाजमध्ये तेल नाही, अंगावरचे कपडेही तसेच. सतरंजीवर झोपवून हातपाय ताणतात. युनेस्कोने 2019 मध्ये त्याला वारसा यादीत घेतलं. स्वीडिश पद्धतीत लांब हात फिरवणं, मळणं, थापटणं. जपानी शियात्सूत अंगठ्याचा दाब.

मालिशने पाठदुखी काही काळ हलकी होते, मनाचा ताण उतरतो. मायामीत 1986 साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीनदा, 15 मिनिटं, असं 10 दिवस चोळलं; त्यांचं वजन इतर बाळांपेक्षा 47 टक्के अधिक वेगाने वाढलं. बाळाला तेल लावणाऱ्या आजीच्या हाताला मिळालेली ही मोठीच दाद!

ताप असेल, हाड मोडलं असेल किंवा एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल, तर मालिश नकोच. पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते. आधी डॉक्टर गाठा.