नवापूरच्या कोंबड्या

फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि भारतातला पहिला बर्ड फ्लू पक्का झाला: एच५एन१. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. डोळ्यांदेखत उभा धंदा बसला. माणसांत मात्र एकही लागण सिद्ध झाली नाही.

असं का? विषाणूला पेशीत शिरायचं तर त्याची किल्ली तिथल्या कुलपाला लागावी लागते. पक्ष्यांच्या विषाणूला जुळणारी कुलपं माणसाच्या फुप्फुसांत खोलवर असतात, नाका-घशात फार कमी. म्हणून लागण अवघड, शिंकेतून पसरणं त्याहून अवघड. पण झालीच तर न्यूमोनिया गंभीर. हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ जणांना लागण झाली, त्यातले ६ दगावले. विषाणू बदलत जाऊन त्याला आपल्या घशाची किल्ली सापडेल, ही खरी भीती. त्यामुळे कोंबड्यांतली साथ जागच्या जागी थोपवणं, हीच माझ्या मते महासाथीची पहिली तयारी. आणि मारलेल्या कोंबड्यांची भरपाई वेळेवर मिळाली तरच शेतकरी मर लपवणार नाही.

नीट शिजवलेलं चिकन, अंडी खुशाल खा. पक्षी अचानक मरताना दिसले तर हात लावू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.