संबंधित टेबलांमधील माहिती एका अहवालात मांडताना : महाविद्यालयीन नोंदींच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयातील प्रवेश, शुल्क, ग्रंथालय, परीक्षा अशा विभागांच्या नोंदी डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांत साठविल्या जातात. अहवालात मात्र या नोंदी एकत्र मांडाव्या लागतात. ही जुळणी करताना काही विद्यार्थ्यांची नावे अहवालातून गळतात, तर काही रकमा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतात. संगणक अशा वेळी चूक झाल्याची कोणतीही सूचना देत नाही. प्रस्तुत लेखात या दोन दोषांची कारणे एका लहान उदाहरणाच्या आधारे स्पष्ट केली असून अहवालाची योग्य मांडणी व पडताळणी यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : रिलेशनल डेटाबेस, टेबल, जोडणी, अहवाल, सबरिपोर्ट, पडताळणी

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रशासनात संगणकाचा वापर आता सार्वत्रिक झाला आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेची (नॅक) स्थापना १९९४ मध्ये झाली आणि अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण २०१०-११ या वर्षापासून सुरू झाले. अशा यंत्रणांना द्यावयाच्या माहितीमुळे अहवाल तयार करण्याची जबाबदारी केवळ कार्यालयापुरती मर्यादित राहिलेली नाही. विभागप्रमुख, समिती समन्वयक आणि प्राध्यापक यांनाही अहवाल मागवावे लागतात, तपासावे लागतात आणि त्यांवर स्वाक्षरी करावी लागते. त्यामुळे अहवालातील आकडा कोणत्या मार्गाने तयार होतो, हे जाणून घेणे संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांइतकेच इतर विषयांच्या प्राध्यापकांनाही आवश्यक आहे.

२. माहिती वेगवेगळ्या टेबलांत का असते ?

आय. बी. एम. या कंपनीत कार्यरत असलेले एडगर कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. येथे ‘रिलेशन’ हा शब्द गणितातील संचसिद्धांतातून आला आहे. दोन टेबलांमधील नाते असा त्याचा अर्थ नसून, ओळी व रकाने असलेली स्वतंत्र टेबल हीच मुळात एक ‘रिलेशन’ होय. या पद्धतीचे व्यावहारिक सूत्र असे की, एक वस्तुस्थिती एकाच ठिकाणी नोंदवावी.

विद्यार्थ्याचे नाव, वर्ग आणि निर्धारित शुल्क ‘विद्यार्थी’ टेबलमध्ये एकदाच येते. त्याने भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती ‘शुल्क’ टेबलमध्ये आणि घेतलेल्या प्रत्येक ग्रंथाची नोंद ‘ग्रंथ’ टेबलमध्ये येते. या दोन्ही टेबलांत विद्यार्थ्याचे नाव लिहिलेले नसते; केवळ त्याचा नोंदणी क्रमांक असतो. हाच क्रमांक टेबलांना जोडणारा दुवा होय. एका विद्यार्थ्यामागे अनेक पावत्या असू शकतात, एकच असू शकते किंवा एकही नसू शकते. या संबंधास ‘एकास अनेक’ असे म्हणतात. ‘एकही नसणे’ ही शक्यता अहवालाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची असूनही नेमकी तीच विस्मरणात जाते.

३. गळणारे नाव

पुढील उदाहरण विचारात घेऊ. १०१, १०२ व १०३ असे तीन विद्यार्थी आहेत. प्रत्येकाचे निर्धारित शुल्क ५,००० रुपये आहे. १०१ ने ३,००० व २,००० अशा दोन हप्त्यांत शुल्क भरले; १०२ ने ५,००० एकरकमी भरले; १०३ ने अद्याप काहीही भरलेले नाही. ग्रंथालयातून १०१ ने तीन ग्रंथ घेतले, १०२ ने एकही नाही, तर १०३ ने एक घेतला. प्रत्यक्षात जमा शुल्क १०,००० रुपये आणि ग्रंथसंख्या ४ आहे.

आता ‘विद्यार्थी’ आणि ‘शुल्क’ ही टेबले नोंदणी क्रमांकावर जोडून थकबाकीची यादी तयार केली, असे समजू. मायक्रोसॉफ्ट अॅक्सेससारख्या प्रणालीत क्वेरी तयार करताना दोन टेबलांमध्ये जी रेघ आपोआप येते, तिचा मूळ अर्थ ‘दोन्ही टेबलांत क्रमांक जुळत असेल तरच ओळ दाखवा’ असा असतो. ही अंतर्जोडणी, म्हणजेच इनर जॉइन होय. १०३ ची एकही पावती नसल्यामुळे त्याचे नाव या यादीत येत नाही. १०१ आणि १०२ यांची बाकी शून्य असल्यामुळे अहवालानुसार थकबाकीदार कोणीच नाही !

हा दोष केवळ तांत्रिक स्वरूपाचा नाही. ज्याने काहीच भरलेले नाही, त्याच्याशी संपर्क साधून हप्ते किंवा सवलत देण्यासाठीच ही यादी मागविलेली असते आणि नेमका तोच यादीबाहेर राहतो. एकदाही उपस्थित न राहिलेला विद्यार्थी उपस्थितीच्या अहवालातून, एकही ग्रंथ न घेतलेला विद्यार्थी ग्रंथालयाच्या अहवालातून आणि परीक्षेस न बसलेला विद्यार्थी निकालाच्या विश्लेषणातून याच कारणाने अदृश्य होतो. परिणामी सरासरी उपस्थिती व निकालाची टक्केवारी सुधारल्यासारखी दिसते.

यावर उपाय म्हणजे बाह्यजोडणी. ‘विद्यार्थी टेबलमधील सर्व ओळी घ्या आणि शुल्क टेबलमधील जुळणाऱ्या तेवढ्या घ्या’ असा तिचा आशय आहे. यालाच लेफ्ट जॉइन म्हणतात. अॅक्सेसमध्ये जोडणीच्या रेघेवर दोनदा क्लिक केल्यास तीन पर्याय दिसतात. त्यांतून आवश्यक तो निवडता येतो.

तथापि, बाह्यजोडणी करूनही नावे गळू शकतात. समजा, याच क्वेरीत ‘पावतीचा दिनांक १ जूननंतरचा असावा’ अशी अट घातली. १०३ च्या ओळीत पावतीचा दिनांक रिकामा आहे. रिकाम्या मूल्याची कशाशीही केलेली तुलना सत्य ठरत नाही; त्यामुळे ती ओळ अटीच्या चाळणीतून बाहेर पडते आणि बाह्यजोडणीचा परिणाम शून्यवत होतो. यासाठी प्रथम केवळ पावत्यांवर अट लावणारी स्वतंत्र क्वेरी तयार करावी आणि नंतर ती विद्यार्थी टेबलशी बाह्यजोडणीने जोडावी.

४. फुगणारी बेरीज

दुसरा दोष याच्या उलट स्वरूपाचा आहे. प्राचार्यांना प्रत्येक विद्यार्थ्याचे जमा शुल्क आणि घेतलेले ग्रंथ एकाच अहवालात हवे आहेत. त्यासाठी विद्यार्थी टेबलला शुल्क आणि ग्रंथ ही दोन्ही टेबले एकाच क्वेरीत जोडली. शुल्क व ग्रंथ यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. दोन्ही विद्यार्थ्याच्या स्वतंत्र शाखा आहेत. संगणक मात्र १०१ ची प्रत्येक पावती त्याच्या प्रत्येक ग्रंथाशी जोडतो. दोन पावत्या गुणिले तीन ग्रंथ याप्रमाणे सहा ओळी तयार होतात. प्रत्येक पावती तीन वेळा आणि प्रत्येक ग्रंथ दोन वेळा मोजला जातो.

सारणी १ : एकाच माहितीवरून मिळणारी तीन उत्तरे

प्रत्यक्ष स्थिती : विद्यार्थी ३, जमा शुल्क १०,०००, ग्रंथ ४
अंतर्जोडणी : विद्यार्थी १, जमा शुल्क १५,०००, ग्रंथ ६
बाह्यजोडणी : विद्यार्थी ३, जमा शुल्क २०,०००, ग्रंथ ७

अंतर्जोडणीत केवळ १०१ शिल्लक राहतो, कारण १०२ ला ग्रंथ नाही व १०३ ला पावती नाही. बाह्यजोडणीत तिन्ही नावे येतात, परंतु जमा शुल्क दुप्पट होते. म्हणजेच पहिल्या दोषावरील उपाय दुसऱ्या दोषावर लागू पडत नाही. तीन विद्यार्थ्यांच्या यादीत ही चूक नजरेस येते. तीन हजार विद्यार्थ्यांच्या अहवालात ती आकड्यांच्या गर्दीत लपते.

पुनरावृत्त मूल्ये वगळून बेरीज करावी, असा उपाय काही वेळा सुचविला जातो. तो धोकादायक आहे. १०१ ने २,५०० रुपयांचे दोन समान हप्ते भरले असते, तर समान मूल्य एकदाच धरल्यामुळे त्याचे जमा शुल्क २,५०० इतकेच दिसले असते. दोन सारख्या रकमा म्हणजे एकच पावती नव्हे. पावतीची ओळख तिच्या रकमेवरून नव्हे, तर पावती क्रमांकावरून पटते.

५. मांडणीचे तीन मार्ग

(अ) गटवार मांडणी : एकच शाखा दाखवायची असल्यास, उदाहरणार्थ विद्यार्थी व त्याच्या पावत्या, ही पद्धत पुरेशी आहे. गटाच्या शीर्षभागात विद्यार्थ्याचे नाव, तपशील भागात पावत्या आणि गटाच्या तळभागात त्या विद्यार्थ्याची बेरीज ठेवावी. येथे एक दक्षता घ्यावी लागते. निर्धारित शुल्क ही रक्कम विद्यार्थ्याची असली, तरी क्वेरीत ती प्रत्येक पावतीसोबत पुन्हा येते. अहवालाच्या शेवटी तिची सरळ बेरीज केल्यास १५,००० ऐवजी २०,००० येतात, कारण १०१ चे ५,००० दोनदा मोजले जातात. जी रक्कम ज्या पातळीवरची आहे, तिची बेरीज त्याच पातळीवर करावी, हा नियम लक्षात ठेवावा.

(आ) सबरिपोर्ट : दोन किंवा अधिक स्वतंत्र शाखा तपशिलासह हव्या असल्यास मुख्य अहवाल केवळ विद्यार्थी टेबलवर आधारावा आणि पावत्या व ग्रंथ यांचे दोन उपअहवाल त्यात बसवावेत. अॅक्सेसमध्ये ‘लिंक मास्टर फिल्ड्स’ व ‘लिंक चाइल्ड फिल्ड्स’ या दोन गुणधर्मांत नोंदणी क्रमांक दिला की, प्रत्येक विद्यार्थ्यापुढे त्याच्याच नोंदी येतात. हे गुणधर्म रिकामे राहिल्यास प्रत्येक विद्यार्थ्याखाली सर्वांच्या पावत्या छापल्या जातात. ज्याच्या सबरिपोर्टमध्ये एकही नोंद नाही, त्याची बेरीज मुख्य अहवालात घेताना त्रुटीचा संदेश येतो. त्यासाठी ‘हॅज डेटा’ या गुणधर्माने नोंद आहे की नाही, हे आधी तपासावे.

(इ) आधी बेरीज, मग जोडणी : तपशील नको असून केवळ एकूण आकडे हवे असल्यास ही पद्धत सर्वांत सुरक्षित होय. शुल्क टेबलवर एक क्वेरी करून प्रत्येक नोंदणी क्रमांकामागे एकच बेरीज काढावी. ग्रंथ टेबलवर दुसरी क्वेरी करून एकच संख्या काढावी. आता दोन्ही बाजूंस प्रत्येक विद्यार्थ्यामागे जास्तीत जास्त एक ओळ उरते. त्या विद्यार्थी टेबलशी बाह्यजोडणीने जोडल्या असता गुणाकार होण्यास वाव राहत नाही आणि कोणतेही नाव गळत नाही.

६. रिकामी जागा आणि जुने नाव

बाह्यजोडणीनंतर १०३ च्या जमा शुल्काच्या रकान्यात शून्य नव्हे, तर रिकामे मूल्य येते. ५,००० मधून रिकामे मूल्य वजा केल्यास उत्तरही रिकामेच येते. म्हणजे नाव दिसूनही थकबाकी दिसत नाही. अॅक्सेसमधील ‘एनझेड’ या फंक्शनने रिकाम्या जागी शून्य घेता येते. परंतु हे सरसकट करू नये. पावती नसणे म्हणजे शून्य रुपये जमा होणे, हे योग्य आहे. परीक्षेचे गुण नसणे म्हणजे शून्य गुण मिळणे, हे योग्य नाही. अनुपस्थित विद्यार्थी आणि शून्य गुण मिळविणारा विद्यार्थी यांतील भेद अहवालात टिकलाच पाहिजे.

संकेतांकाच्या जागी नाव दाखवतानाही असाच विवेक हवा. अभ्यासक्रमाचे नाव वेगळ्या टेबलमध्ये असते आणि अहवाल तेथून आजचे नाव घेतो. नाव किंवा शुल्काचा दर मध्यंतरी बदलला असल्यास जुन्या वर्षाच्या अहवालातही नवेच मूल्य छापले जाते. म्हणून पावतीवर आकारलेली रक्कम ही त्या पावतीच्या नोंदीतच साठवावी. एक वस्तुस्थिती एकाच ठिकाणी या सूत्राचा येथे भंग होत नाही. आजचा दर आणि त्या दिवशी आकारलेली रक्कम या दोन भिन्न वस्तुस्थिती आहेत.

७. स्वाक्षरीपूर्वीची पडताळणी

अहवाल तपासणाऱ्या प्राध्यापकास क्वेरी लिहिता येणे आवश्यक नाही. पुढील चार प्रश्न विचारणे मात्र आवश्यक आहे.

१) अहवालातील विद्यार्थ्यांची संख्या पटावरील संख्येइतकी आहे काय ? कमी असल्यास कोण वगळले गेले व का ?
२) अहवालातील एकूण रक्कम केवळ शुल्क टेबलवरून काढलेल्या बेरजेशी आणि रोजकीर्दीशी जुळते काय ?
३) ज्या पावतीचा नोंदणी क्रमांक विद्यार्थी टेबलमध्ये नाहीच, अशा नोंदी आहेत काय ? विद्यार्थ्यांपासून सुरू होणारी बाह्यजोडणी अशा पावत्या दाखवत नाही. टेबलांमधील संबंध निश्चित करताना संदर्भ-अखंडतेचे बंधन घातल्यास अशा नोंदी मुळातच होत नाहीत.
४) एकही नोंद नसलेला, एकच नोंद असलेला आणि अनेक नोंदी असलेला असे तीन विद्यार्थी निवडून त्यांच्या ओळी मूळ कागदपत्रांशी हाताने ताडून पाहिल्या काय ?

८. निष्कर्ष

संबंधित टेबलांमधील माहिती एका अहवालात आणताना नोंद गळणे आणि नोंद अनेकदा मोजली जाणे हे दोन प्रमुख दोष संभवतात. पहिल्यासाठी बाह्यजोडणी, तर दुसऱ्यासाठी सबरिपोर्ट किंवा आधी बेरीज करून मग जोडणी हे उपाय आहेत. दोन्हींचा विचार एकत्रितपणे करणे आवश्यक आहे. अहवाल सुबक छापलेला असणे ही त्याच्या अचूकतेची खूण नव्हे. ज्याच्या नावावर एकही नोंद नाही, त्या विद्यार्थ्याची विचारपूस प्रथम व्हावयास हवी. परंतु तो अहवालात दिसला, तरच हे शक्य होते. म्हणून अहवाल हाती आल्यावर त्यात काय आहे, याबरोबरच त्यात कोण नाही, हे पाहणे प्राध्यापकांचे शैक्षणिक कर्तव्य ठरते.