हिपॅटायटिस सी बरा झाला, मग सीडी४ का वाढत नाही?

एचआयव्ही असलेल्या रुग्णाचा हिपॅटायटिस सीसुद्धा आता साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. भारतात २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात या गोळ्या मोफत मिळतात. पण नंतर सीडी४चा आकडा बहुतेकदा होता तिथेच राहतो आणि रुग्ण हिरमुसतो.

खरं तर फायदा या आकड्यात फारसा दिसत नाही. सी विषाणूशी वर्षानुवर्षं लढून सतत भडकलेली प्रतिकारशक्ती हळूहळू शांत होते, यकृताची सूज उतरते. सिरॉसिस असेल तर वाढलेली प्लीहा पांढऱ्या पेशी अडवून ठेवते, त्यामुळेही आकडा कमी येतो.

सीडी४ वाढवण्याचं मुख्य काम एआरटीचं. ती थांबवायची नाही. आणि हो, दुसऱ्याची सुई वापरली तर हिपॅटायटिस सी पुन्हा होऊ शकतो.