गबाळी

"मम्मा, गबाळी मतलब क्या? गाली है क्या?"

मागच्या रविवारी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने हे विचारलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिची खोली बघून मी रागाच्या भरात म्हणून गेले होते, "किती गबाळी आहेस गं!" आपल्या भोपाळी हिंदीत "कितना फैलावा कर रखा है" म्हटलं असतं, तर तिने खांदे उडवून सोडून दिलं असतं. हा शब्द लागला, कारण तो कळला नव्हता.

आणि मलाही सांगता येईना. बीई झाले, रोज कोडमधला दुसऱ्यांचा गोंधळ निस्तरते. पण हा शब्द आजीकडून आला तसाच वापरत होते.

मग दोघी मिळून शब्द मांडून बसलो. पसारा वस्तूंचा असतो. तो मांडता येतो, तसा आवरताही येतो. अस्ताव्यस्त ही खोलीची अवस्था. गचाळ म्हटलं की घाण आली. अजागळ म्हणजे ज्याला स्वतःच्या कपड्यांचं, केसांचं भान नाही असा. गबाळा त्याचाच भाऊ: शर्ट अर्धा खोचलेला, दप्तरातून कागद डोकावताहेत. घाणेरडा नव्हे, नीट न बांधलेला.

म्हणजे पसारा वस्तूंचा, गबाळेपणा माणसाचा. मी रागावले होते खोलीवर आणि नाव ठेवलं मुलीला!

तेवढ्यात 'चंबूगबाळं' आठवलं. चंबू म्हणजे छोटा तांब्या, गबाळं म्हणजे किरकोळ सामानाचं बोचकं. 'चंबूगबाळं आवरणं' म्हणजे मुक्काम हलवणं. आणि मुक्काम हलवण्याची गोष्ट तर आमच्या घरातलीच.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली भोपाळ. कचेऱ्यांबरोबर नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबं इकडे आली. त्यांत कारकून असलेले माझे आजोबा आणि एकवीस वर्षांची आजी. दोन ट्रंका, एक वळकटी आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं एक बोचकं. पोळपाट-लाटणं, पितळी डबे, देवाची घंटा असं सगळं त्यात.

आजी सांगायची, "दोन वर्षं ते बोचकं मी पूर्ण सोडलंच नाही. वाटायचं, आज ना उद्या परत जायचंच आहे. लागेल ती वस्तू ओढून काढायची, पुन्हा कोंबायची." बाबांच्या जन्माच्या वेळी तिने ते सोडलं, डबे फळीवर लावले, घंटा देवघरात ठेवली. त्या दिवसापासून आजीच्या घरात वस्तू जागच्या जागी. माझं कपाट बघून ती "गबाळी" म्हणायची, तेव्हा तिला काय दिसत असेल ते मला आता कळतं.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. "मतलब पणजी भी गबाळी थी?"

"दोन वर्षं होती."

तिला एकदम बरं वाटलं. अर्धी खोली तिने आवरली, उरलेली दोघींनी. आमचं ठरलं: खोलीला पसारा म्हणायचं, तिला काही म्हणायचं नाही.

तुमच्याकडेही असे शब्द असतील. मुलांना अर्थ विचारू द्या. घरातल्या मोठ्यांना तुम्ही विचारा. शब्दासोबत बहुधा एखादं बोचकंही सुटेल.

काल ऑफिसला निघाले. लॅपटॉपच्या बॅगेतून चार्जरची वायर लोंबत होती, ओढणी एका बाजूला जमिनीवर. दारातून आवाज आला, "मम्मा, किती गबाळी आहेस गं!"

अख्खं वाक्य मराठीत. वायर आत कोंबली आणि निघाले.