ऑइल चेंज केलंस का, बॉस?

रणगाडा असो, लूना असो की ईएमआयवर घेतलेली तुमची लाडकी हॅचबॅक, इंजिनाचा जीव अडकलेला असतो ऑइलच्या केसापेक्षा बारीक थरात. आणि तो थर किलोमीटरचा हिशोब पाळत नाही!

पुण्याहून नगरला वीकेंड ड्राइव्ह मारणाऱ्यांचा प्लॅन ठरलेला असतो. वाघोलीचा ट्रॅफिक पार करायचा, वाटेत कुठेतरी मिसळ हाणायची, शिरूर-सुपा मागे टाकायचं आणि भिंगारच्या छावणी परिसरात शिरायचं. (शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण गाडीत अजून सगळे ‘नगर’च म्हणतात.) इथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ साली सुरू झालं. शर्मन, चर्चिल, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन, आपला विजयंता... तोफेच्या नळीखाली उभं राहून सेल्फी काढल्याशिवाय कुणी परत येत नाही.

तोफ केवढी, चिलखत किती जाड, हे सगळे विचारतात. पण चाळीसएक टनांचं ते धूड वाळवंटातल्या धुळीत पळवणारं इंजिन जिवंत कसं राहायचं, हे विचारणारा विरळाच. आणि तुमच्या-आमच्या कामाची गोष्ट नेमकी तीच आहे.

धूळ आत येते कुठून?

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. म्हणजे तुमची गाडी पेट्रोल कमी आणि हवाच जास्त पिते! त्या हवेबरोबर धूळ येते. एअर फिल्टर बहुतेक धूळ अडवतो, पण जी निसटते ती सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइलला चिकटते. त्यात पिस्टन, रिंग, बेअरिंग यांचा झिजलेला धातू आणि जळलेल्या इंधनाची काजळी मिसळते. हा सगळा मसाला घेऊन ऑइल गोल गोल फिरत राहतं.

फिरतं कसं? इंजिनाच्या तळाशी संप नावाचं पातेलं असतं. तिथून पंप जाळीमधून ऑइल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि बारीक नळ्यांतून क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो. बेअरिंगमध्ये क्रँकशाफ्ट धातूवर टेकतच नाही, ऑइलच्या थरावर तरंगतो. हा थर काही मायक्रॉनचा. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे विचार करा! त्या थरापेक्षा मोठा कण मध्ये सापडला, की तो दोन्हीकडचा धातू खरवडतो.

फिल्टरमध्ये घड्या घातलेला खास कागद असतो. गंमत म्हणजे कोऱ्या फिल्टरपेक्षा थोडा वापरलेला फिल्टर जास्त बारीक कण पकडतो, कारण अडकलेली घाणच जाळी आणखी बारीक करते. पण ही गंमत फार काळ टिकत नाही. फिल्टर चोंदला की त्याच्या वाटेवरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. कोरडं इंजिन काही क्षणांत जाम होऊ शकतं, घाणेरड्या ऑइलवर ते निदान चालतं, म्हणून ही सोय. डॅशबोर्डवर त्याचा दिवा सहसा लागत नाही. तुम्ही मस्त गाणी ऐकत चाललेले असता आणि इंजिन गाळ पीत असतं.

टँकवाल्यांचा फंडा

रणगाडा चढावर, उतारावर, खड्ड्यात कसाही कलंडतो. तळाशी पातेलं ठेवलं तर ऑइल एका बाजूला जाणार आणि पंप हवा ओढणार. म्हणून शर्मनच्या रेडियल इंजिनात किंवा टी-५५ सारख्या रशियन रणगाड्यांत ड्राय संप असतो. ऑइल वेगळ्या टाकीत ठेवायचं आणि इंजिनाच्या तळाशी गळलेलं पंपाने परत टाकीत ओढायचं.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती दुसरीच गोष्ट. टी-५५ आणि टी-७२ मध्ये इंजिन सुरू करण्याआधी एका इलेक्ट्रिक पंपाने ऑइलचं प्रेशर तयार करता येतं. आधी ऑइल, मग स्टार्टर! कारण रात्रभर उभ्या इंजिनातून ऑइल खाली निथळलेलं असतं आणि सुरू होतानाचे ते पहिले क्षण इंजिनाला सगळ्यात जड जातात. आपण काय करतो? गाडी स्टार्ट आणि लगेच ‘व्रूम व्रूम’. तुमच्या कारमध्ये तो पंप नाही, मग दहा-वीस सेकंद थांबा आणि पहिले दोनेक किलोमीटर सबुरीने घ्या. उभ्या गाडीवर दहा मिनिटं इंजिन तापवत बसायचीही गरज नाही.

नगरचीच आणखी एक गंमत. विजयंताचं लेलँड इंजिन टू-स्ट्रोक होतं आणि दौंड रोडवरच्या कायनेटिकच्या कारखान्यातली, १९७२ साली आलेली लूनाही टू-स्ट्रोक! पण विजयंतात ऑइल पंपाने फिरायचं, तर लूनात ना ऑइल पंप, ना ऑइल फिल्टर. पेट्रोलमध्येच टू-टी मिसळायचं, ते जाता जाता वंगण करायचं आणि जळून धूर होऊन जायचं. आपल्या आईबाबांच्या पिढीने त्या निळ्या धुरात अख्खं कॉलेज काढलं. २०२४ मध्ये आलेल्या ई-लूनात इंजिनच नाही, त्यामुळे इंजिन ऑइलची कटकटच मिटली.

किलोमीटर विसरा, तास मोजा

आता मुद्द्यावर या. नगरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, ट्रॅक्टरचं ऑइल कधी बदलता? तो तास सांगेल. ट्रॅक्टरवर तासांचा मीटर असतो आणि बऱ्याच ट्रॅक्टरांना अडीचशे तासांच्या आसपास ऑइल बदलायला सांगतात. आपण मात्र ‘दहा हजार झाले की बघू’ म्हणतो.

हिशोब करून बघा. ताशी ७० च्या सरासरीने हायवेवर दहा हजार किलोमीटर म्हणजे १४३ तास. तेच अंतर हिंजवडीच्या गर्दीत ताशी २० ने काटलं तर ५०० तास! मीटर दोन्हीकडे सारखाच, इंजिनाची मेहनत साडेतीन पट. बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर अ‍ॅव्हरेज स्पीड दिसतो. किलोमीटरला त्याने भागा, तुमचे तास निघतील. मॅन्युअलमध्ये मागे कुठेतरी ‘सिव्हिअर युसेज’ असा तक्ता असतो. सततचा ट्रॅफिक, धूळ, छोट्या फेऱ्या. पुणे-मुंबईकर बॉस, ते तुम्हीच!

ज्यांचं ऑफिस तीन किलोमीटरवर आहे त्यांनी खूश होऊ नये. एवढ्यात ऑइल नीट तापतच नाही, मग त्यात शिरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. बीएस-सिक्स डिझेलवाल्यांचं आणखी वेगळं. सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडतं आणि काही गाड्यांत त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली तर ती लॉटरी नाही, गॅरेज गाठा. ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नका. डिझेल गाडीत नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर खरं टेन्शन, आत पाणी शिरलंय.

आणि तो लाल दिवा, अल्लाउद्दिनच्या चिरागासारखा! ‘ऑइल थोडं कमी असेल, रविवारी टाकू’ असं म्हणून लोक घरापर्यंत गाडी दामटतात. तो दिवा बहुतेक गाड्यांत लेव्हलचा नाही, प्रेशरचा असतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टो व्हॅन बोलवा. टो व्हॅनचं बिल इंजिन खोलण्याच्या बिलापुढे चिल्लर आहे.

‘जाड ऑइल म्हणजे दणकट’ हाही जुनाच समज. ज्या इंजिनाला कंपनीने ०डब्ल्यू-२० सांगितलंय, त्याला ओळखीच्या मेकॅनिकने प्रेमाने २०डब्ल्यू-४० पाजलं तर पहाटे ते वरपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. ऑइल समोर उभं राहून ओतून घ्या, फिल्टर त्याच वेळी बदला आणि रिकामा डबा फोडून टाका, नाहीतर त्यात भलतंच ऑइल भरून तो पुन्हा विकायला येऊ शकतो.

जुन्या ऑइलचं काय? आपल्याकडे ते सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतात, वाळवीसाठी लाकडाला लावतात, उरलेलं गटारात. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल गोळा होऊन त्याचा पुनर्वापर होईल हे बघण्याची जबाबदारी कायद्याने ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याला एवढंच विचारा, ‘दादा, हे काळं ऑइल कुठल्या पिंपात जातं?’