कालचा निर्णय, आजचं पाणी

मीरा-भाईंदर हे पाण्यासाठी दूरवर नजर लावून बसणारं शहर. स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्या पाण्यावर ते वाढलं. वाढती गरज भागवण्यासाठी एमएमआरडीएने पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीवर 403 दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेची योजना आखली. त्यातले 218 दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरचे, तर 185 वसई-विरारचे. कवडासजवळ उचललेलं पाणी सूर्यानगरला शुद्ध करून शहराच्या वेशीवरच्या चेणेपर्यंत आणायचं, अशी ही आखणी.

सूर्यानगर ते चेणे हे अंतर ढोबळमानाने 80 किलोमीटर धरू आणि पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर. म्हणजे सूर्यानगरहून निघालेला थेंब शहराच्या वेशीवर पोहोचायला 22 तास लागतील. मात्र भरलेल्या पोलादी नळातून दाबाची लाट सेकंदाला जवळपास 1 किलोमीटर जाते. त्यामुळे वर झडप फिरवली, तर तिचा धक्का दीड मिनिटात खाली जाणवू शकतो. पण पाण्यात मिसळलेला क्लोरीन दुसऱ्या दिवशी पोहोचतो. नळ एकच, विलंब दोन.

पिण्याच्या पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर उर्वरित क्लोरीन असावा, असं भारतीय मानक सांगतं. समजा, सकाळी 8 वाजता चेण्याला तो कमी भरला. वर लगेच मात्रा वाढवली. दुपारी 12 ला आकडा जागचा हलला नाही, म्हणून पुन्हा वाढवली; 4 ला तिसऱ्यांदा. पहिली वाढ पोहोचते दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ला, आणि दुपारी 2 पर्यंत तिन्ही वाढी एकवटतात. पाण्याला उग्र वास येतो, तक्रारी सुरू होतात, मग मात्रा घाईघाईने उतरवली जाते. तिचा परिणामही उद्याच. कमी-जास्तीचा हा झोका थांबत नाही. यात कुणी कामचुकारपणा केलेला नाही. चुकलंय ते एवढंच, की नळात वाटेवर असलेल्या निर्णयांची नोंद हिशेबात धरली नाही.

ही नोंद ठेवायची पद्धत अभियंते ओटो स्मिथ यांनी 1957 मध्ये मांडली. यंत्रणेचं गणिती प्रारूप करायचं, दिलेल्या पण अजून न पोहोचलेल्या मात्रांचा परिणाम त्यातून आधीच काढायचा आणि उरलेल्या तुटीपुरतीच नवी मात्रा द्यायची. इथे ‘आत्ताची स्थिती’ म्हणजे चेण्याचा एक आकडा नव्हे, तर 80 किलोमीटर नळात कुठे किती क्लोरीन आहे, हे सगळं चित्र.

पुढचा प्रश्न सर्वोत्तम निर्णयाचा. क्लोरीन कमी पडला तर रोगजंतू, जास्त झाला तर नको ती उपउत्पादनं. शिवाय पंपांचं वीजबिल दिवसाच्या वेळेनुसार बदलतं. गणितज्ञ लेव पॉन्ट्रियागिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा निवडीचं गणित घडवलं. 1961 मध्ये गणितज्ञ खराटिश्विली यांनी ते विलंब असलेल्या यंत्रणांना लागू केलं. त्यात दोन समीकरणं जोडीने चालतात. पाण्याचं समीकरण मागे बघतं: आज आलेलं कालचं आहे. किमतीचं समीकरण पुढे बघतं: आजच्या मात्रेचं मोल उद्याच्या नळावर ठरेल. म्हणून उद्याच्या मागणीचा अंदाज इथे निर्णयाचाच भाग असतो.

आणि विलंबही स्थिर नसतो. प्रवाह निम्मा झाला की प्रवासाचा वेळ दुप्पट होतो, क्लोरीन तेवढा अधिक घटतो. जुन्या अंदाजावर चालणारं प्रारूप तेव्हा फसतं. म्हणून प्रवाहमापकाचा आकडा त्याला सतत पुरवावा लागतो.

गणित कितीही नेमकं असलं, तरी विलंब कमी करणं हाच पहिला उपाय. वाटेवर क्लोरीनमापक बसवले, तर तूट चेण्याला पोहोचण्याआधीच कळते. शहराच्या जलकुंभावर पूरक क्लोरीन देण्याची सोय असली, तर दुरुस्ती त्याच दिवशी घरोघरच्या पाण्यात उतरते. लांबून पाणी आणणाऱ्या प्रत्येक शहराने नळाच्या निविदेतच या दोन गोष्टी मागून घ्याव्यात.